टाकीजवळची जागा

आपलं भांडण तू जिंकलीस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बसून ऐकशील. अर्धं ऐकून चुलीकडं उठून जायची तुझी सवय मला ठाऊक आहे.

दीड महिना झाला तुला जाऊन. लोक येतात, ओट्यावर बसतात, तुझं चांगलं बोलतात. लई सोशीक होती म्हणतात. मी ऐकून घेतो, पण सोशीक तू कुठली? चार-चार दिवस अबोला धरायचीस. वरण पातळ झालं म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी ताटात नुसतं पाणी वाढलं होतंस. एवढं मात्र खरं, की बाजार तुला माझ्यापेक्षा जास्त कळत होता. तू असताना हे माझ्या तोंडातून एकदाही निघालं नाही. आता निघून राहिलं, तर ऐक.

चाळीस वर्षं आपण गावच्या गुरुवारच्या बाजारात मिरचीचं पाल ठोकलं. धर्माबादहून पोती आणायची, बुधवारी अंगणात देठं खुडत बसायचं, गुरुवारी सकाळी वडाखाली तरट अंथरायचं. तू बसायचीस, मी तोलायचो. तुझे हात इतके तिखट झालेले असायचे की डोळ्यात काही गेलं तरी बोट लावायची नाहीस, कोपरानं पुसायचीस. अजून घरात शिरलं की ठसका लागतो. आपला सुधाकर म्हणाला, आबा, घर धुवून काढू. मी म्हटलं, राहू दे.

भांडण एकच होतं. बाकीची सगळी त्याचीच पिलं. मी म्हणायचो, गिऱ्हाईक भावाला येतं. समोरच्यापेक्षा दोन रुपये कमी सांगितले की ते आपलं. तू म्हणायचीस, "अवो, हात भरलेल्या बाईला भाव सांगून काय उपेग? आधी तिचे हात मोकळे करा."

आणि तू ते करायचीस. एखादी बाई भाजीची जड पिशवी ओढत आपल्या पालापुढून चालली की तू हाक मारायचीस, "अक्का, ठेव की इथं. निवांत फिरून ये." बाई पिशवी ठेवायची आणि हात हलवत बाजारात घुसायची. तिचं बघून दुसरी ठेवायची. दहा वाजेपर्यंत आपल्या तरटावर पिशव्यांचा ढीग. पालक, वांगी, पोरांच्या नव्या चपला, रॉकेलचा रिकामा डबा. एकदा तर पाय बांधलेली कोंबडी. तिनं तुझ्या मांडीशी अंडं घातलं. ते तू पदरात धरून बसलीस आणि त्या बाईला संध्याकाळी कोंबडीबरोबर परत दिलंस.

मी बेजार व्हायचो. मिरची मांडायला जागा उरायची नाही.

"आपण दुकान मांडलंय का स्टँडावरची सामान ठेवायची खोली?"

"तुम्ही तोला."

एवढंच तू म्हणायचीस. चाळीस वर्षांत त्या भांडणात तू ह्याच्यापलीकडं फार बोलली नाहीस. तुला चिठ्ठी लागायची नाही, खूण लागायची नाही. संध्याकाळी बाई लांबून दिसली की तिची पिशवी तुझ्या हातात तयार. पलीकडच्या तेलंगणातल्या बाया यायच्या, त्यांचं बोलणं तुला धड कळायचं नाही, पण पिशवी कळायची.

ती निळ्या काठाची उंच बाई आठवती का? पहिल्यांदा आली, पिशवी ठेवून गेली, आणि माघारी आली ती समोरच्या नागोरावकडची मिरची घेऊन. आपल्या तरटावर बसून, आपल्यासमोर, त्याची मिरची पिशवीत भरायला लागली. माझं डोकं फिरलं.

"बाई, आमच्या दारात पिशवी अन् त्याच्या दारात खरेदी. ही कुठली रीत?"

बाईचा हात थांबला. तू मला म्हणालीस, "गप ऱ्हावा." आणि तिला म्हणालीस, "अक्का, मिरची खाली नको घालूस. वांग्यानं चुरगळंल. थांब." मग तू स्वतः तिची वांगी काढलीस, खाली घातलीस, वर नागोरावची मिरची ठेवलीस, आणि पिशवी तिच्या डोक्यावर चढवून दिलीस.

घरी येईपर्यंत मी बोलत होतो. तुझं डोकं ठिकाणावर नाही, असं मी तीन वेळा म्हणालो. तू म्हणालीस, "ती पुढच्या गुरुवारी येती का न्हाई बघा."

आली. पिशवी ठेवली. मिरची त्याही दिवशी घेतली नाही. मी दिवसभर खुशीत होतो. तिसऱ्या गुरुवारी आली आणि वर्षाच्या तिखटाची सगळी मिरची आपल्याकडून घेऊन गेली. मला वाटलं आता तू बोलून दाखवशील. तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. देठं झटकत बसलीस. ते मला जास्त लागलं.

मग आपली मनी ते ठिपके घेऊन आली. सुधाकर नोकरीला लातूरला, त्याची थोरली मनीषा नांदेडला कॉलेजात. सुट्टीला ती नेहमी यायची, पण ह्या दिवाळीनंतर आली ती लॅपटॉप घेऊन. तुला म्हणाली, "आजी, मला तुझा बाजार कॉम्प्युटरात घालायचाय. सरांनी परवानगी दिलीय."

बुधवार होता. आपण देठं खुडत होतो. पोरीनं मिरचीच्या पोत्यावर तो डबा उघडला. पडद्यावर एक चौकोन, आणि त्यात मुंग्यांसारखे ठिपके.

"हे काय?" तू विचारलंस.

"हे गिऱ्हाईक. एकेक ठिपका म्हंजे एक माणूस. आमच्यात त्याला एजंट म्हणतात."

"दलाल?"

"दलाल न्हाई गं आजी. आपल्या मनानं चालणारं माणूस. बाजार कसा भरंल हे मी त्याला सांगत न्हाई. नुसती एकेकाची सवय सांगते. कुणी भाव बघतं, कुणी ओळखीच्या दुकानाला जातं, कुणी गर्दी बघून घुसतं. मग सगळ्यांना मोकळं सोडते अन् बघत बसते."

"म्हंजे बाजार तू भरवत न्हाईस."

"मी कशाला? तो त्यांचा ते भरवतात."

तू मिरची खाली ठेवलीस. पदराला हात पुसून डोळे बारीक करून बघत बसलीस. मग म्हणालीस, "ह्यांना भूक लागती का?"

"दिली तर लागती."

"मग बाराला दे. भुकेजलेली बाई भाव करत बसत न्हाई. घेती अन् घरला पळती."

पोरीनं लगेच वहीत लिहून घेतलं. तुला काय, तेवढंच पाहिजे होतं. तू सुरूच झालीस. बाप्या माणूस पहिल्या दुकानात विचारतो आणि तिथंच घेतो. बाई तीन दुकानांत विचारती आणि पहिल्याकडं माघारी येती. जावा-जावा बरोबर आल्या तर कमी घेतात, मायलेकी आल्या तर जास्त घेतात. जिच्याशी बोलणं नाही ती एखाद्या पालापुढं उभी असली तर बाई त्या पालाकडं वळत नाही, माल फुकट वाटला तरी. मनी लिहिती आहे आणि तू सांगती आहेस. दोन पोती मी एकट्यानं खुडली.

"चाळीस वर्षांचा बाजार खोटा, अन् हा डबा खरा," मी म्हणालो.

"आबा, तुम्ही पण सांगा की एखादी सवय," मनी म्हणाली.

"भाव," मी म्हणालो.

"ते मी पहिलंच घातलंय."

तू हसलीस. तोंडाला पदर लावून, खांदे हलवून. तो दिवस मला तेव्हा फार काही वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मनी शाळेच्या पायरीवर वही घेऊन बसली. कुठल्या पालापुढं किती माणसं थांबतात, ते दिवसभर मोजून राहिली. म्हणाली, खरा बाजार आणि ठिपक्यांचा बाजार एकमेकाला जुळला पाहिजे. जुळला तर ठिपक्यांचं ऐकायचं, नाहीतर नाही. मला हे पटलं. तराजू आधी रिकामा बघून घेतात, तसंच ते.

त्याच महिन्यात पंचायतीचा निरोप आला. रस्ता रुंद होणार, वड जाणार, बाजार कालव्यापलीकडच्या मैदानात बसणार. जुन्या दुकानदारांना जुनेपणाच्या नंबरानं आपली जागा निवडायला मिळणार. आपला नंबर पहिला लागला. नकाशा घरी आणला आणि भांडण नव्यानं सुरू झालं.

मी म्हणालो, फाटकाजवळची जागा. सगळा बाजार आपल्या पुढून जाईल.

"जाईल," तू म्हणालीस. "येताना पिशवी रिकामी, तवा मिरची सुचत न्हाई. जाताना हात भरलेले, तवा थांबवत न्हाई. मधी टाकीपाशी घ्या. बाया पाणी प्यायला थांबतील. पाणी प्यायचं तर पिशवी खाली ठेवावीच लागती."

"पुन्हा पिशव्या."

"पुन्हा पिशव्या."

दोन दिवस तेच चाललं. शेवटी तू म्हणालीस, मनीला विचारू, तिच्या ठिपक्यांना सोडू नव्या मैदानात. मी लगेच कबूल झालो. ठिपक्यांमध्ये भाव पहिलाच घातलाय, हे मला माहीत होतं.

आता तो गुरुवार. हा मला टाळता आला असता तर टाळला असता.

लग्नसराईमुळं गर्दी होती. पिशव्या इतक्या झाल्या की तागडी टेकायला जागा नव्हती. एक गिऱ्हाईक मिरची न घेता निघून गेलं. मी उठलो. एकेक पिशवी उचलली आणि पालाच्या मागं उन्हात, गटारीच्या कडंला नेऊन ठेवली. सगळ्या. समोर बाया बघत होत्या. तू उठलीस आणि एकेक परत आणलीस. गुडघा दुखत होता तुझा, तरी सात-आठ खेपा केल्यास. एका पिशवीचं बूड ओलं झालं होतं, ते पदरानं पुसलंस. मी तागडी हातात धरून उभा होतो. घरी येताना टेम्पोत तू पुढं बसलीस, मी मागं पोत्यांवर.

घरी आल्यावर तू तुझी स्वतःची पिशवी खुंटीला अडकवलीस. जुन्या लुगड्याची शिवलेली, दर बाजाराला बरोबर असणारी. शुक्रवारी अबोला होता. शनिवारी सकाळी चहाचं आधण ठेवलंस आणि म्हणालीस, छातीत दुखायलंय. अबोला मोडायला तू तेवढंच बोललीस. नांदेडला दवाखान्यात पोचेपर्यंत तू दुसरं काही बोलली नाहीस. मी बोललो. जीपमध्ये सबंध रस्ताभर बोललो. काय बोललो ते मला आठवत नाही, पण पिशव्यांचं नाही बोललो, एवढं आठवतं.

तेरावं झाल्यावर सुधाकर म्हणाला, "आबा, पाल मोडा आता. लातूरला चला. वरची खोली रिकामीच हाय."

"बघू," मी म्हणालो.

"बघू काय? मिरचीत आई बसायची. तुम्ही नुसते तोलायचे."

पोरगं खोटं बोललं नव्हतं. म्हणून जास्त राग आला. तिकडून पंचायतीचा निरोप आला, सोमवारपर्यंत जागा सांगा, नाहीतर नंबर दुसऱ्याला जाईल. मी मनीला फोन करून बोलावून घेतलं. ती शनिवारी नांदेडहून आली. अंगणात तेच पोतं ओढलं, त्यावर लॅपटॉप ठेवला. तुझी बाजू रिकामी होती. तिनं तिकडं बघायचं टाळलं, मी पण टाळलं.

नव्या मैदानात तिनं ठिपके सोडले. ते फाटकातून आत शिरले, पांगले, आणि मी बघतो तर फाटकाजवळच्या पालापुढं गर्दी. टाकीजवळचं पाल ओकंबोकं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. "बघ मने. म्हणलं नव्हतं? आजी हरली."

मनी हसली नाही. "आबा, ह्याच्यावर जाऊ नका. जुना बाजारच जुळंना मला. हे बघा." तिनं वडाखालचा बाजार काढला. आपल्या पालावर तिनं लाल खूण केली होती. ठिपके त्याच्या पुढून जायचे, मोजकेच थांबायचे. "मी मोजलं त्या दिवशी सगळ्यात जास्त बाया तुमच्यापुढं थांबल्या होत्या. हे ठिपके थांबत न्हाईत. भाव घातला, ओळख घातली, मिरचीचा रंग घातला, आजीनं सांगितलेली भूक घातली. तरी थांबत न्हाईत. आजीजवळ काहीतरी होतं, आबा, जे मी ह्यांना दिलं न्हाई. काय राहिलं?"

मला माहीत होतं काय राहिलं. पोरगी माझ्या तोंडाकडं बघून राहिली होती. मी गप्प बसलो असतो तर फाटक माझं होतं. कुणाला कळलं नसतं. तुला तर नाहीच.

मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. खुंटीला तुझी पिशवी होती. मी ती उघडली नव्हती, अजूनही उघडली नाही. पाणी न पिताच बाहेर आलो.

"पिशव्या," मी म्हणालो.

"कसल्या पिशव्या?"

"तरटावर ढीग असायचा तो."

"तो तुमचा माल होता ना?"

ऐकलंस? पोरीनं दिवसभर पायरीवर बसून माणूस न् माणूस मोजला. ढीग तिला दिसत होता. तिला वाटलं आपलाच माल आहे. तू तिला भूक सांगितलीस, जावा सांगितल्यास, अबोला सांगितलास. पिशव्या सांगितल्या नाहीस, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हे तुला वाटलंच नव्हतं. मी सांगितल्या नाहीत, कारण मला त्यांची लाज वाटायची. आपल्या दोघांच्या मधून तेवढीच गोष्ट निसटली, आणि सगळा बाजार तिच्यावरच उभा होता.

मग मी मनीला सगळं सांगितलं. हाक कशी मारायचीस, कोंबडीचं अंडं, निळ्या काठाची बाई. गटारीचं पण सांगितलं. तिनं मान खाली घातली आणि लिहीत राहिली. मग दुपारभर बोटं चालवून राहिली. चहा दिला तो गार झाला. म्हणाली, आता हात भरलेला ठिपका हळू चालंल आणि कुठं थांबणार नाही. कुठं पिशव्या ठेवलेल्या दिसल्या तर आपली पण ठेवील. हात मोकळे झाले की पुन्हा हिंडंल. आणि माघारी त्याला तिथंच यावं लागंल.

तिनं ठिपके सोडले. काहीच झालं नाही.

"का गं?"

मनीनं ठिपके पुन्हा सोडून बघितले. मग तिच्या ध्यानात आलं. "पिशव्या दिसल्या तरच ठेवायची, असं मी सांगितलंय. रिकाम्या तरटावर पहिली कुणीच ठेवंना. एक मला माझ्या हातानं ठेवावी लागंल."

तिनं ठेवली. एक बारीक चौकोन, वडाखाली, लाल खुणेपाशी.

आता आले. एक ठिपका थांबला, मग दोन, मग मुंग्यांना गूळ सापडावा तसे. आपलं पाल भरलं. मनीनं वहीतला कागद काढून शेजारी धरला. तंतोतंत नाही, पण जुळलं. आणि अजून एक झालं, ते तुला कुणी सांगितलं नसेल. मोकळ्या हाताचे ठिपके दुसऱ्यांदा बाजार हिंडायला लागले, तशी सगळीच पालं भरली. नागोरावचं पण. तू नुसतं आपलं दुकान चालवत नव्हतीस. चाळीस वर्षं अख्ख्या बाजाराचे हात मोकळे करत होतीस, आणि मी तुला म्हणत होतो, फुकटची हमाली.

नव्या मैदानात टाकी जिंकली. मनीनं पुन्हा-पुन्हा खेळवलं. दरवेळी थोडं वेगळं, एखाद्या वेळी फाटकही पुढं जायचं, पण बहुतेक वेळा टाकीच. मी म्हणालो, म्हणजे ठरलं. पोरगी तुझ्यावर गेली आहे, तिनं मला असं सोडलं नाही.

"आबा, हे काही भविष्य न्हाई. तुम्ही पिशव्यांचं सांगितलं ते खरं असंल तर पुढं काय होईल, एवढंच हे दाखवतं. ते खरं हाय का, हे ह्याला काय माहीत? तुम्हाला माहीत."

"खरं हाय," मी म्हणालो.

दोन शब्द. ते तुला म्हणायचे राहिले, आणि अंगणात पोरीला म्हणालो.

सोमवारी पंचायतीत गेलो. नकाशा टेबलावर पसरलेला. मागं नागोराव उभा, त्याचा दुसरा नंबर. ग्रामसेवक म्हणाला, "मामा, फाटकापासची घ्या, पहिला मान तुमचा." मी टाकीवर बोट ठेवलं.

नागोराव हळूच म्हणाला, "दुःखात हाय म्हातारा. चुकलं त्याचं बोट."

"चुकलं न्हाई," मी म्हणालो. "तू घे फाटक. तुझं पण बरंच होणार हाय."

 बाहेर येऊन सुधाकरला फोन लावला. म्हणालो, लातूरला येतो, चार दिवस राहतो, वरच्या खोलीत झोपतो. पण पुढच्या बुधवारच्या आत माघारी येणार.

काल पहिला बाजार भरला त्या मैदानात.

सकाळी तरट अंथरलं, मिरचीची रास केली. तुझ्यासारखी जमली नाही. नऊ वाजता बाया यायला लागल्या. टाकीपाशी पाणी प्यायला थांबल्या, अगदी तू म्हणाली होतीस तशा. पिशवी खाली ठेवली, पण दोन पायांत धरून. पाणी प्याल्या, पिशवी उचलली, गेल्या. मी हाक मारली, "ठेव की अक्का इथं." माझा आवाज तुला ठाऊक आहे. ती बाई दचकून लांब झाली. दुसरी दुसरीला म्हणाली, "ह्योच त्यो. गटारीवाला."

त्यांना आठवत होतं. आठवणारच. दहा वाजले, साडेदहा वाजले. तेलंगणातली एक बाई "मिरपकाय एंत" म्हणून भाव विचारून गेली. समोर तरट रिकामं. पहिली कुणीच ठेवत नाही, हे मनीनं मला सांगून ठेवलं होतं. तिनं आपल्या हातानं ठेवली होती.

तुझी पिशवी मी खुंटीवरून काढून बरोबर आणली होती. कशाला आणली ते घरातून निघताना मला सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं गुरुवारी ती टेम्पोत असायची, म्हणून आणली असेल. ती मी पाठीमागून काढली आणि तरटाच्या पुढच्या कोपऱ्यावर ठेवली, तू बायांची पहिली पिशवी ठेवून घ्यायचीस तिथं. आत काय आहे मला माहीत नाही. जड आहे. नीट उभी राहिली.

आणि मग माझ्या मनात आलं, वडाखाली सगळ्यात पहिली पिशवी कुणाची होती? चाळीस वर्षांपूर्वी, रिकाम्या तरटावर? हे मी तुला कधी विचारलं नाही. मी तागडीच बघत होतो.

निळ्या काठाची बाई आली. आता तिचे केस पांढरे झालेत. दोन्ही हातांत पिशव्या. टाकीपाशी थांबली, पाणी प्याली, माझ्याकडं बघितलं, मग त्या पिशवीकडं.

"मामा, ही कुणाची?"

"आमच्या हिची," मी म्हणालो. "ठेवून गेलीय."

तिनं आपल्या दोन्ही पिशव्या तुझ्या पिशवीला टेकवून ठेवल्या, पदर खोचला आणि हात हलवत बाजारात गेली. तिच्या मागं दुसरी आली. तिनं काही विचारलंच नाही.

दुपारपर्यंत मला मिरची मांडायला जागा उरली नाही. संध्याकाळी दोन जणींना एकमेकींच्या पिशव्या दिल्या. एकीच्या पिशवीतले पेरू दुसरीच्या घरी गेले असते. बायांनीच त्या ओळखल्या आणि मला हसल्या. सारजाक्कानं कधी चुकवली नव्हती, म्हणाल्या. म्हटलं, हो, ती चुकवत नव्हती. मी शिकून घेईन.

अंधार पडायच्या आत एकेक पिशवी गेली. तुझी राहिली. मी ती उचलली, टेम्पोत पुढच्या सीटवर ठेवली आणि शेजारी बसलो. आता ती खुंटीला आहे. गुरुवारी पुन्हा पहिली तीच ठेवायची आहे.